चार भोकांचा काळा

नाही नाही, तो नकोच — तो फार चमकतो, नवऱ्या मुलाच्या बुटांसारखा — अहो, इंजिनाच्या कप्प्यात मारायचाय, तोंड नाही बघायचं त्यात. त्याच्या मागचा दाखवा ना — तो नव्हे, त्याच्याही मागचा — हां, तो. जरा खिडकीपाशी आणता? इथल्या ट्यूबलाइटखाली सगळंच निळं दिसतं, हे माझे हात बघा, दिसतायत का जिवंत माणसाचे? — हं, हा बरा आहे. बरा आहे, पण जरा तपकिरीकडे झुकतो, नाही का? नाही म्हणता? बघा, तुम्ही रोज बघता रंग, तुमची नजर मेली असेल, रागावू नका हं. मला दिसतो तपकिरी. मीसुद्धा आधी तुमच्या त्या दारातल्या गिऱ्हाइकासारखीच होते, काळा म्हणजे काळा, द्या एक डबा आणि व्हा मोकळे. पण माझा नवरा मर्व्हिन — त्याने मला शिकवलं, की काळ्यातसुद्धा माणसांसारख्या जाती असतात, एक मिरवणारा, एक तोंड लपवणारा, आणि एक असा, की आहे की नाही ते कळत नाही पण तो नसला तर सगळं ओकंबोकं. गाडी सदुसष्टची कूगर आहे, मर्क्युरीची. बाहेरून हिरवट निळी. बाहेरून ती कधीच तयार आहे, डाग नाही अंगावर. फक्त बॉनेटखालचं राहिलंय, तो कप्पा.

थांबा, नमुने आणलेत मी. सरकवा जरा ते कॅल्क्युलेटर, मांडते इथे. हे पत्र्याचे तुकडे त्याने स्वतः कापलेत, प्रत्येकावर वेगळा काळा मारलाय, आणि नंबर घातले तर रंगाखाली जातील म्हणून कोपऱ्यात भोकं पाडलीत — हा एका भोकाचा, हा मॅट, बिडाच्या तव्याची पाठ जशी. हा दोन भोकांचा, ह्यात म्हणे निळा शिंपडलाय कुणी. हा तीन. हा पाच, हा सहा — सहावा मला आवडायचा, पण मला कोण विचारतो — हा सात आणि हे दोन असेच, शेवटी शेवटी केलेले. चार? चार असेल पिशवीत कुठेतरी. राहू दे, तो काही एवढा महत्त्वाचा नाही. तुम्ही सहाव्यासारखं काही दाखवा. तार लावून गॅरेजच्या भिंतीवर टांगले होते त्याने हे सगळे, आणि रोज जेवण झालं की तिकडे जाऊन उभा राहायचा, हाताची घडी घालून, चर्चमधल्या चित्रासमोर उभं राहावं तसा. मी हाक मारायची, काय रे, बोलले का काही ते? तो म्हणायचा, अगं आर्लीन, घाई केली की कायमचं नडतं. ह्या माणसाने आमचं घर एका दुपारी घेतलंय, खरं सांगते, दोन खोल्या बघितल्या आणि तिसरीत जायच्या आधी हात मिळवून मोकळा. लग्नाचं मला विचारलं तेही पेट्रोल भरता भरता. आणि काळा निवडायला ह्याला — डीनाच्या लग्नाच्या वर्षी इंजिन बाहेर काढलं त्याने, डीना म्हणजे आमची लेक, तर डीनाच्या मुलाला आता मिसरूड फुटलंय. एवढं घोंगडं कुणी भिजत ठेवतं का हो?

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही ह्यातलेच, पण कप्पा रंगवायचा तर इंजिन आधी बाहेर काढावं लागतं, आणि एकदा काढलं की सगळं तिथेच अडतं — रंग नाही म्हणून इंजिन बसत नाही, इंजिन नाही म्हणून गाडी हलत नाही, आणि गाडी गॅरेजात म्हणून माझी गाडी चौदा हिवाळे बाहेर बर्फात. बे सिटीत राहून बाहेर गाडी! रोज सकाळी काच खरवडायची मी, आणि आत ती महाराणी पांघरूण घेऊन झोपलेली. इंजिन तिच्या शेजारी, लोखंडी स्टँडवर. त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते आता. एका नाताळला त्यावर दिव्यांची माळ सोडली होती डीनाने, तर हसून हसून मर्व्हिनच्या डोळ्यांत पाणी. पण रंगाचं नाव काढलं की लगेच गंभीर. कधी म्हणे काळ्यात चमक जास्त आहे, कधी म्हणे हवा दमट आहे, रंग धरणार नाही, कधी म्हणे खुणेचा फोटो मिळू दे आधी. खूण म्हणजे ती हो, कारखान्यातला तपासणारा मागच्या पत्र्यावर तेलखडूने ओढायचा ती. आमच्या गाडीवर होती ना, पिवळी, बरोबरची खूण, घाईत ओढलेली, शेपटी लांब गेलेली. सगळं ठीक आहे, जाऊ द्या पुढे, एवढाच तिचा अर्थ. ती पुसायची, रंग मारायचा, आणि मग जशीच्या तशी परत काढायची. मी म्हटलं, अरे मर्व्हिन, कुणा अनोळखी माणसाने जेवणाच्या सुट्टीआधी घाईत मारलेली रेघ ती, आणि तू तिच्यासाठी फोटो शोधतोस? आमच्या लग्नाचे फोटो कुठल्या खोक्यात आहेत ते विचारा त्याला.

घाई आहे, हो. म्हणजे — हँकला आहे. हँक टिमर, मर्व्हिनच्या क्लबचा अध्यक्ष, येत असेल तुमच्याकडे, भला मोठा, टोपी कधी न काढणारा. स्प्रे तो मारणार आहे. रविवारपासून गॅरेजात हीटर चालू ठेवलाय त्याने, पत्रा गरम पाहिजे म्हणे, थंडीत रंग सुरकुततो. त्या क्लबची एक पद्धत आहे. त्यांच्यातलं कुणी गेलं ना, की सगळे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन येतात आणि दफनभूमीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लावतात, आणि बॉनेट उघडी ठेवतात सगळ्यांची. हॉर्न नाही, काही नाही, नुसती उघडी बॉनेटं. आणि जो गेला, त्याची गाडी सगळ्यात पुढे. मग माणसं आधी तिच्यात डोकावतात आणि मग पेटीजवळ जातात. हसू येतं ना? मलाही यायचं. आता कळतं — चेहऱ्याकडे बघवत नाही, तेव्हा नजर ठेवायला काहीतरी लागतं. तर मर्व्हिनची कूगर पुढे राहणार. ढकलत न्यायची. इंजिन बसवणं आता शक्य नाही, हँकच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, बाकीचेही सगळे एकेका गुडघ्याचे. म्हणजे बॉनेट उघडणार आणि आत काही नाही. भोक. दात पडलेल्या माणसाने जांभई द्यावी तसं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तर आम्हाला उघडीच ठेवायची. मग निदान रंग तरी धड पाहिजे ना आत? इंजिन असतं तर अर्धं झाकलं गेलं असतं. आता सगळं दिसणार.

काय म्हणालात? — नाही, नाही हो. अहो नाही! अजून आहे तो. घरी आहे. आत्ता डीना बसलीय त्याच्याजवळ. मी काय, गेल्यासारखं बोलत होते की काय? — बघा, जिभेला हाड नाही माझ्या. आहे तो. काल मनुकांचं सारण भरलेली पोंच्की, ते पोलिश डोनट, मागितली त्याने, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आणि दोन घास खाल्लेही. नर्स येते सकाळी, तिने बोलावून सांगितलं मला स्वयंपाकघरात, आर्लीन, तयारीत राहा. मी म्हटलं, तयारीतच आहे, कॉफी ठेवलीय. म्हणजे काय म्हणायचंय तिला ते कळलं होतं मला, न कळायला काय झालं, पण तोंडातून आलं ते कॉफीचं. आणि हँकला — हँकला वाटलं होतं तो झोपलाय. नूडल्सचा वाडगा घेऊन आला होता, भेटायला येतो त्याच्या हातात तोच वाडगा सध्या, फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही — आणि पलंगापाशी उभा राहून मला हळूच विचारतोय, आर्लीन, गाडी आणायची ना पुढे, की राहू दे? तर हा डोळे मिटूनच म्हणतो, येईल गाडी. भोक तेवढं रंगव, हँकू, आणि वाहू देऊ नकोस, तुझा हात जड आहे. हँक बिचारा व्हरांड्यात जाऊन रडला. टोपी काढून. मी पहिल्यांदा त्याचं टक्कल बघितलं.

तो उंच फळीवरचा कोणता? बघू. — छे. हा तर डांबर. तुमच्याकडे एवढेच का काळे? काल तुमच्या त्या बाईंनी दोन आणखी दाखवले होते, लाल झाकणाचे, ते — हो, काल आले होते. परवाही. परवा तुमचा तो दाढीवाला होता. मग? येऊ नये का? माणसाला नीट बघून घ्यावंसं वाटतं. कायमची गोष्ट आहे.

बसते जरा. आहे का स्टूल? — आभारी आहे.

सांगते तुम्हाला, तुम्ही काय, कुणाला सांगणार आहात. माझी बहीण होती, बेव्ह, ॲरिझोनात, युमाला. नवरा गेल्यावर गेली तिकडे आणि फोनवर नुसतं ऊन, ऊन, ऊन. आर्लीन, आज स्वेटर शिवला नाही अंगाला. आर्लीन, अंगणात संत्री लागलीत. तिच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं, छोटंसं, दोन माणसांपुरतं. मर्व्हिन निवृत्त झाला तेव्हा मी म्हटलं, जाऊ या. माझी हाडं दुखतात रे इथे. तो लगेच म्हणाला, जाऊ की. एवढी कूगर झाली की निघू, अशी अर्धवट कशी नेणार? एक कप्पाच तर राहिलाय. मी त्याच आठवड्यात चपला घेऊन आले, उन्हाळी, पांढऱ्या पट्ट्यांच्या. त्या अजून खोक्यात आहेत. तो दरवर्षी बघायचा ते खोकं, कपाटात त्याच्या बुटांशेजारीच तर आहे, बघायचा आणि गॅरेजात जायचा, आणि आणखी एक पत्रा कापायचा. आता मी काही अगदीच दूधखुळी नाही. तिसऱ्या तुकड्यालाच कळलं होतं मला, घोडं कुठे पेंड खातंय ते. ह्याला जायचंच नव्हतं. ह्याचा क्लब इथे, नदी इथे, आई-बाप इथल्या मातीत. पण नाही म्हणायची छाती नव्हती, मला नाही म्हणायची त्याला कधीच झाली नाही, मग काळ्याला नाही म्हणत राहिला. आणि मीही काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला हो म्हणावं लागलं असतं, आणि तिकडे उन्हात बसून तो माझ्यासमोर वाळत गेला असता. म्हणून मी नुसती विचारायची, ठरला का रे? तो म्हणायचा, बघतोय. बेव्ह गेली तीन वर्षांमागे. विमानातून उतरलो तर काय ऊन होतं हो. तेवढे चारच दिवस. तेही काळे कपडे घालून, आणि जाड बूट. चपला न्यायचं सुचलंच नाही.

रडत नाहीये मी. तुमच्या दुकानात थिनरचा वास किती आहे.

घ्या. हा घ्या चौथा. कोटाच्या खिशात होता, मघाशी पिशवीत म्हटलं ते खोटं. — बघा बघा, हातात घ्या, चावत नाही. चांगला आहे ना? ना फार चमक, ना मेलेला. कारखान्यातून यायचा तो हाच, हँकही म्हणाला. रविवारी मी सगळे तुकडे तारेवरून काढून पलंगावर नेले, म्हटलं, मर्व्हिन, हँक हीटर लावून बसलाय, आता तरी सांग बाबा. तर त्याने डोळे उघडले नाहीत. नुसते बोटाने कोपरे चाचपले, एकेक, एकेक, आणि चार भोकं लागली तशी थांबला. हा, म्हणाला. मी म्हटलं, बघ तरी. तर म्हणतो, काय बघायचंय? हाच होता. पहिल्यापासून हाच होता, आर्लीन.

मग थोड्या वेळाने म्हणाला, आता तू जा युमाला. मी म्हटलं, कुणाकडे जाऊ, बेव्ह आहे का आता? तर म्हणतो, बेव्ह नसली म्हणून काय झालं, ऊन तर आहे. आणि हे दिलं मला, त्याच्या उशीखाली होतं, हे बघा. पिवळा तेलखडू. रंग वाळला की खूण तू कर, म्हणाला. शेपटी लांब ने. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर डोळे मिटूनच हसला, म्हणतो, जमेल, तू घाईची आहेस.

घाईची! मी! आज चौथ्यांदा — नाही, तिसऱ्यांदा उभी आहे तुमच्या काउंटरला. त्या बाईंना म्हटलं, मला ठरवता येत नाही. दाढीवाल्यालाही तेच. तुम्हालाही मघापासून तेच सांगतेय, सहावा दाखवा, सातवा दाखवा. आणि चौथा खिशात. मला माहीत आहे हो कोणता न्यायचा ते. तुम्ही पाच मिनिटांत कालवून द्याल, ते मशीन गदागदा हलवेल डबा, हँक संध्याकाळी मारेल दोन हात, आणि आमच्या खोलीची भिंत गॅरेजला लागून आहे. वास येईल आत. वास आला की त्याला कळेल, झालं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच विचारतो तो. आर्लीन, वास का येत नाही गं अजून? मी सांगते, थंडी आहे, पत्रा तापला नाही. काल सांगितलं, दुकानात माल संपलाय. पडून राहतो मग, वाट बघत. नर्स म्हणते, ह्यांना काहीतरी अडवून धरतंय. मी तिच्या कपात साखर घालत राहिले.

त्याचे हाल होतात, असं म्हणणार असाल तर नका म्हणू, ते मला माहीत आहे. रात्रभर ऐकते मी. डीना म्हणते, आई, आण ना गं तो रंग एकदाचा. लेकरू आहे ते. आता तो सुटायला बसलाय आणि मला काळा ठरत नाहीये. त्याने चौदा वर्षं ढकलली तेव्हा मी काही बोलले का? मग मला चार दिवस नाहीत?

नको. अहो, ठेवा तो डबा खाली. मी हो कुठे म्हटलं? उघडू नका, झाकण लावा परत, वास सुटेल, माझ्या कोटाला लागेल तो वास, आणि मी घरी गेले की — लावा म्हटलं ना झाकण! — घट्ट लावा.

तुकडे द्या इकडे. तो चौथाही. मोजायला नको, आहेत सगळे. उद्या येते मी, उजेडात नीट बघू. त्याला काय, सांगेन, दुकान बंद होतं. तुम्हीही कुणी फोन केला ना, हँकने किंवा कुणी, तर बंद होतं म्हणा. ते बघा, दारातले गृहस्थ मघापासून ताटकळलेत, त्यांना एक डबा पांढरा हवाय, सोपं काम आहे. द्या त्यांना. जा.